चौदावी गाठ

१

मालिनीवहिनींच्या शालीच्या घडीतून तो कागद पडला तेव्हा शुक्रवारचे बारा वाजत होते, आणि विकास नगरातल्या आमच्या गच्चीवर नुकतं कुठे ऊन उतरलं होतं. लखनौला डिसेंबरात सकाळ अशी नसतेच. धुकं असतं, आणि मग एकदम दुपार होते. मधल्या वेळात झाडं, माणसं, पाण्याच्या टाक्या सगळं अर्धवट पुसल्यासारखं दिसतं, आणि आपण जागे झालोय की नाही याचीही खात्री वाटत नाही.

माझी बायको शर्मिष्ठा तर अशा दिवसांत जागी नसतेच. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता वेताच्या खुर्चीत डोळे मिटून शेंगा सोलते. लोकांना वाटतं बाई डुलक्या काढतेय. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण कॉलनीतल्या हरवलेल्या निम्म्या गोष्टी तिने डोळे मिटूनच शोधून दिल्यात, हे मला, म्हणजे बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेल्या माणिकला, नाइलाजाने कबूल करावं लागतं.

कागद उचलला मुक्ताने. ती मालिनीवहिनी आणि हेमचंद्ररावांची थोरली लेक, कॅनडात व्हँकुव्हरला हिमनद्यांवर संशोधन करते. हेमचंद्रराव इथेच वनस्पतिशास्त्रज्ञ होते, लखनौतल्याच महानगर नावाच्या वस्तीत राहतात. चाळीस वर्षं त्यांचं घर आणि आमचं घर एकच असल्यासारखं. वहिनींना जाऊन वर्ष होत होतं. रविवारी वर्षश्राद्ध. त्यासाठी मुक्ता आली होती, पण उतरली आमच्याकडे, कारण वडिलांच्या घरी तिचा धाकटा भाऊ सिद्धेश राहतो आणि दोघांत वर्षभर अबोला होता. सकाळी सिद्धेश ऑफिसला गेल्यावर ती वडिलांना भेटून आली, तेव्हा त्यांनी आईची शाल तिच्या खांद्यावर घातली होती.

"मावशी," कागदावरची नजर न काढता मुक्ता म्हणाली, "आईचं ऑपरेशन कधी झालं, तुम्हाला माहीत आहे?"

आम्हाला माहीत नव्हतं. तो सगळा आठवडा आम्ही भाच्याच्या लग्नाला वाईला होतो. त्याची चुटपुट अजून जात नाही.

"हॉस्पिटलचा कागद आहे हा. दाखल बुधवार, सतरा. ऑपरेशन गुरुवार, अठरा, सकाळी आठ." तिने कागद शर्मिष्ठाच्या मांडीवर ठेवला. "आणि बुधवारी मला प्रणिताचा मेसेज आला होता, की ऑपरेशन काल सकाळी झालं, घाबरू नका. बुधवारी, मावशी. तेव्हा ऑपरेशन झालंच नव्हतं."

प्रणिता म्हणजे सिद्धेशची बायको.

"तिने मनाने नाही केलं. सिद्धेशने सांगितलं असणार. मी इथून गेले याचा राग आहे त्याला. मी येऊ नये म्हणून खोटं कळवलं, आणि आई मला न भेटता गेली." तिचा आवाज शांत होता, तेच मला जास्त लागलं. "सोमवारी माझं परतीचं विमान आहे. रविवारी मी त्या घरात पाय ठेवणार नाही. आणि परत लखनौला येणारही नाही."

शर्मिष्ठाच्या बोटांतली शेंग तशीच राहिली.

२

"किती लांब आहे गं व्हँकुव्हर?" बऱ्याच वेळाने शर्मिष्ठाने विचारलं. डोळे मिटलेलेच.

मी म्हटलं, भूगोलाच्या बाईंनी हे विचारावं? तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

"अकरा हजार किलोमीटरच्या वर," मुक्ता म्हणाली. "दिल्लीहून साडेचौदा तास. नकाशात बघितलं तर वाटतं आडवं जायचं, समुद्रावरून. खरं तर वर जायचं असतं. सैबेरिया, मग ध्रुवाकडचा बर्फ, मग खाली."

"आणि मेसेज आला तेव्हा निघाली असतीस तर?"

मुक्ता हसली, म्हणजे ओठ हलले नुसते. "वर्षभर तोच हिशोब करतेय मी. इथे बुधवार सकाळचे अकरा, तेव्हा तिथे मंगळवार रात्रीचे साडेनऊ. तुमचं घड्याळ साडेतेरा तास पुढे. सकाळी दहाला विमान होतं. गुरुवारी दुपारी दोनला दिल्ली, संध्याकाळी सातला लखनौ. आई शुक्रवारी सकाळी गेली. एक अख्खी रात्र मिळाली असती मला तिच्याजवळ." ती थांबली. "त्याऐवजी मी काय केलं? ऑपरेशन झालं, सगळं ठीक आहे म्हणून पहाटे हिमनदीवर गेले. तिथे फोन लागत नाही. खाली आले तेव्हा सिद्धेशचे सतरा मिस्ड कॉल. रविवारी इथे पोचले तर दारातच म्हणाला, आता कशाला आलीस."

"तो मेसेज दाखव."

"नाही ठेवला. त्याच रात्री सगळं पुसून टाकलं."

आता मध्येच एक फजिती सांगतो. हसू नका. त्याच सकाळी मला प्रणिताचा मेसेज आला होता. ही हल्लीची मुलं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात, वाचताना जीभ अडखळते. तिळाचे लाडू, काल सकाळी, गेटवर, असा मजकूर होता. मी धावत खाली गेलो. गेटवर काही नाही. विकास नगरातली माकडं तुम्हाला माहीत नसतील; वाळत घातलेला बनियनही सोडत नाहीत, तिथे तिळाचे लाडू चोवीस तास राहतात होय? मी माकडांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि वर आलो.

शर्मिष्ठाला सांगितलं तर म्हणाली, "अच्छा," आणि परत डोळे मिटले. मग एकदम म्हणाली, "चला, महानगरला जाऊ. मुक्ता, तू थांब इथेच."

"तिथे जाऊन काय करणार?" मी विचारलं.

"खोटं कोण बोललं ते बघू," ती म्हणाली आणि शाल शोधायला लागली.

३

चार वाजले नव्हते तरी वाटेवरच्या कपूरथळा चौकात धुकं परत यायला लागलं होतं. हेमचंद्रराव खिडकीशी बसले होते. समोर टेबलावर पृथ्वीचा गोल, आणि गोलावर एक लाल दोरा. माणूस अठ्ठ्याहत्तरचा, वर्षभरात तो दोऱ्यासारखाच झाला होता.

"मालिनीचा खेळ," ते म्हणाले. "मुक्ता पहिल्यांदा गेली तेव्हा तिने हा दोरा गोलावर ताणून कापला. लखनौ ते व्हँकुव्हर. एक वीत आणि दोन बोटं. दिल्लीपर्यंतच्या तुकड्यात चौदा गाठी मारल्या, तासाला एक. पोरगी विमानात असली की ही दोरा हातात घेऊन बसायची. दर तासाला अंगठा पुढे. आता बर्फावर आहे, आता नद्या लागल्या, आता हिमालय दिसत असेल हिला. मी म्हणायचो, अगं झोपली असेल ती. तर म्हणायची, तिला झोपू दे, मी बघते ना."

शर्मिष्ठाने दोरा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. गाठी मोजल्या. चौदाव्या गाठीवर तिचं बोट थांबलं. बाकीचा दोरा लाल होता, ती गाठ मळून काळपट झाली होती. तिच्यापुढे नखाएवढा दोरा, दिल्ली ते लखनौ.

"हा शेवटी हॉस्पिटलमध्ये होता का?"

"हातातच होता तिच्या. तिनेच मागवला."

"हेमचंद्रराव, मुक्ताला कळवायला उशीर कोणी केला?"

म्हातारा बराच वेळ गोल फिरवत राहिला. सगळे समुद्र त्यांच्या बोटांखालून गेले.

"मीच म्हणालो होतो," ते म्हणाले, "की मुक्ताला कळवू नका."

४

मी का म्हणून विचारायला तोंड उघडलं. पण शर्मिष्ठाने मला हातानेच थांबवलं; तिच्यापुढे माणसं पुढचं आपोआप सांगतात.

"साधं ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले होते. पोरीला कशाला अकरा हजार किलोमीटर धावायला लावायचं? पण मालिनीने ऐकलं नाही. प्रणिताला जवळ बसवून मेसेज करायला लावला. मी काही अडवलं नाही, शर्मिष्ठाबाई. नुसतं म्हटलं होतं. ते म्हटलेलंही आता बोचतं."

एवढ्यात प्रणिता चहा घेऊन आली. गुणी मुलगी. माहेर लखनौतल्याच तेलीबागचं, घर मराठी, पण तिसरी पिढी इथली, शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी. तिचं मराठी म्हणजे डाळ आणि भात कालवल्यासारखं, वेगळं काढता येत नाही.

माकडांचं सांगायची मला लाज वाटली म्हणून मी आपलं म्हटलं, "लाडू मस्त झालेत हो."

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "कोणते लाडू, काका?"

शर्मिष्ठाने मला कोपराने ढोसलं आणि तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी बशी ठेवायच्या निमित्ताने मागोमाग.

"मावशी, मी खरंच सांगते," प्रणिताचे डोळे भरले होते, "मी टाइम पे मेसेज केला होता. बुधवारी, आई म्हणाल्या तसा. ताईंचा जवाब पण लगेच आला. ताई येते म्हणाल्या."

"येते म्हणाली?"

"हाँ. आणि आल्याच नाहीत. आईंना मीच वाचून दाखवलं होतं, किती खूश झाल्या त्या. आणि आता तुम्ही सांगता, ताईंना वाटतं आम्ही झूठ बोललो. मी काय झूठ बोलणार, मावशी?"

"सिद्धेश त्या दिवशी हॉस्पिटलमध्येच होता ना? गुरुवारी?"

प्रणिताने गॅस बारीक केला. बारीक होता, तरी परत केला.

"संध्याकाळी नव्हते. साडेसहाला निघाले, तीन घंटे कुठे होते कुणाला माहीत नाही. फोन उचलला नाही. परत आले तर आईंच्या कानात काहीतरी बोलले आणि बाहेर जाऊन रडले. मी विचारलं. एक साल झालं मावशी, आजपर्यंत सांगितलं नाही."

५

शनिवारी सकाळी धुकं इतकं होतं की गच्चीवरून आमचं गेट दिसत नव्हतं, नुसता कडीचा आवाज आला. शर्मिष्ठा म्हणाली, "सिद्धेश, वर ये. मुक्ता आत झोपलीय, दार लावलेलं आहे."

खाली कडी परत लागली. मग पावलं. सिद्धेश वर आला तो हातात स्टीलचा डबा घेऊन. चाळिशीचा माणूस, पण चेहरा रुसलेल्या पोरासारखा.

"गेटला पिशवी अडकवून जाणार होतो," तो म्हणाला. "प्रणिताने लाडू दिलेत."

मी डब्याकडे बघतच राहिलो. शर्मिष्ठाने झाकण उघडलं, एक लाडू माझ्या हातावर ठेवला, आणि म्हणाली, "माकडांनी परत आणून दिले वाटतं." मग खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर झोपेत गोड काहीतरी दिसल्यासारखं हसू होतं. मला काही कळलं नाही.

"सिद्धेश, त्या गुरुवारी संध्याकाळी कुठे होतास?"

तो उठायलाच लागला होता. मग बसला.

"ताईला विचारा कुठे होती ते. ताईने लिहिलं होतं, निघते मी. स्वतः लिहिलं. नंतर फोन बंद. म्हणजे विमानात असणार, दुसरं काय समजायचं माणसाने? मी सगळी विमानं शोधली. दोनला दिल्ली, सातला लखनौ. आई शुद्धीवर आली ती ताई कुठवर आली हेच विचारत. तो दोरा हातात. मग..." त्याने डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. "मग मी एअरपोर्टवर गेलो. बाहेर येतात त्या दारापाशी उभा राहिलो. दिल्लीची तीन विमानं आली, मावशी. एकेक माणूस बघितला. ती नव्हती."

"आणि आईला काय सांगितलंस?"

"धुक्यामुळे विमान लेट आहे. दिल्लीत अडकलीय, सकाळी येईल." तो डब्यातच बघत होता. "आईने अंगठा शेवटच्या गाठीवर ठेवला तो तिथेच. मरणाऱ्या आईला मला खोटं सांगायला लागलं, ते ताईमुळे. मी कसं माफ करू?"

आतल्या दाराची कडी वाजली. मुक्ता चौकटीत उभी होती. झोपली नव्हती.

"खोटं बोलू नकोस सिद्ध्या," ती म्हणाली. "ऑपरेशन झालं असं तुम्ही कळवलंत."

"उद्या आहे असं कळवलं. तू येते म्हणालीस."

"मी कधीच येते म्हणाले नाही."

दोघांचेही चेहरे मी पाहत होतो. बँकेत हजारो माणसं पाहिलीत मी. थाप मारणारा मला कळतो. दोघांपैकी एकही थाप मारत नव्हतं.

"दुपारी महानगरला," डोळे न उघडता शर्मिष्ठा म्हणाली. "सगळे. प्रणिताला फोन घेऊन बसायला सांगा."

६

हेमचंद्ररावांच्या खिडकीत ऊन आलं होतं आणि गोलावर पडलं होतं. मुक्ता दाराजवळच्या खुर्चीत, पर्स मांडीवर, कधीही उठेल अशी. सिद्धेश दुसऱ्या टोकाला.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" शर्मिष्ठा म्हणाली. "प्रणिता, तो मेसेज आहे ना अजून?"

"आहे. मी डिलीट नाही केला."

"मुक्ताला दे. मुक्ता, मोठ्याने वाच. जे लिहिलंय तेवढंच."

मुक्ताने फोन घेतला. "आईंचं ऑपरेशन काल सकाळी. घाबरू नका." तिने मान वर केली. "बघा, काल सकाळी झालं."

"झालं कुठे लिहिलंय?"

मुक्ताने पुन्हा पाहिलं. "झालं... नाही लिहिलेलं. पण काल म्हणजे..."

"आता प्रणिताला दे. प्रणिता, तू वाच."

प्रणिताने वाचलं, "आईंचं ऑपरेशन कल सकाळी. घाबरू नका."

मुक्ता खुर्चीतून पुढे वाकली.

"परत वाच," मुक्ता म्हणाली.

"कल सकाळी," प्रणिता घाबरून म्हणाली. "कल. म्हणजे... टुमॉरो. उद्या."

"इंग्रजी अक्षरं," शर्मिष्ठा म्हणाली, आणि आता तिचे डोळे पूर्ण उघडे होते. "के, ए, एल. मुक्ताच्या मराठीत तो काल. प्रणिताच्या हिंदीत तो कल, आणि पुढचं सकाळी मराठीत, म्हणून सगळं वाक्यच मराठी वाटतं. एका कान्याचा फरक. आपल्याकडे ध चा मा झाला तो कुणीतरी मुद्दाम केला म्हणतात. इथे कुणीच केला नाही. मला कालच कळायला हवं होतं; पण आमच्या घरात लाडू माकडांनी नेले होते ना, आणि आज सकाळी ते पहिल्यांदाच आले. कल सकाळी, गेटवर."

मी गोलाकडे बघायला लागलो.

"पण ती येते म्हणाली ते?" सिद्धेशने विचारलं. आवाजातला राग कुठेतरी अडखळला होता.

"खाली तिचं उत्तर असेल. वाच."

सिद्धेशने प्रणिताच्या हातातून फोन घेतला. "बरं झालं. मग निघते मी." तो थांबला. त्याने ते मनातल्या मनात परत वाचलं असावं, कारण त्याचे ओठ हलले. "ताई, बरं झालं म्हणजे..."

"ऑपरेशन पार पडलं, बरं झालं," मुक्ता म्हणाली. "आणि निघते मी, हिमनदीवर जायला. पहाटेची गाडी होती."

"आम्हाला वाटलं, कळवलंत ते बरं झालं. आणि निघते, इकडे यायला."

"ज्याला तुला येऊ द्यायचं नाही, तो तीन विमानं येईपर्यंत दारात उभा राहत नाही, मुक्ता," शर्मिष्ठा म्हणाली. "काल हा दोरा पाहिला तेव्हाच मला एवढं कळलं होतं. शेवटची गाठ मळलीय. म्हणजे मालिनी दिल्लीशी येऊन थांबली होती. तू निघालीस अशी तिची खात्री होती. मग कळवणाऱ्यांनी लपवलं कसं असेल? उरलं एवढंच, की तुम्ही दोघंही खरं बोलताय आणि मधला शब्द खोटा आहे."

प्रणिता तोंडावर पदर धरून रडत होती. "माझ्यामुळे झालं सगळं. एक शब्द लिहायचा होता."

मुक्ता उठली. मला वाटलं, चालली आता. ती प्रणिताजवळ जाऊन जमिनीवर बसली आणि तिचं डोकं तिने आपल्या खांद्यावर घेतलं. तीही रडत होती. "मी वाचायला हवं होतं नीट," ती म्हणत होती. "मला तेच वाचायचं होतं गं. सगळं झालं, काळजी नको, असंच मला वाचायचं होतं."

सिद्धेश भिंतीशी उभा होता. चाळिशीच्या माणसाला जवळ कसं जायचं ते आठवत नाही. शेवटी हेमचंद्ररावांनी गोलावरचा दोरा उचलला आणि त्याच्या हातात दिला, आणि मानेनेच खुणावलं. त्याने तो नेऊन मुक्तापुढे धरला.

"आई विचारत राहिली नाही ना रे?" मुक्ताने विचारलं. "की मी का आले नाही?"

"नाही. मी सांगितलं ना तिला, धुकं आहे म्हणून. म्हणाली, असू दे, दिल्लीपर्यंत आलीय ना, मग आलीच." सिद्धेश तिच्यासमोर बसला. "रात्रभर निवांत होती, ताई. तू विमानातून उतरली आहेस, असंच समजून गेली ती."

मुक्ताने अंगठा त्या मळक्या गाठीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"त्या दोघांना सांगा कुणी," हेमचंद्रराव हळूच मला म्हणाले, "की उद्या दहाला गुरुजी येणार आहेत." पण सांगायची गरज नव्हती. मुक्ताची बॅग आणायला मीच रिक्षाने विकास नगरला गेलो.

७

वर्षश्राद्ध झालं. मुक्ता आणि सिद्धेश पानावर शेजारी बसले होते आणि कोणाच्या वाट्याला वडे कमी आले यावर लहानपणीसारखे भांडत होते. हेमचंद्रराव ऐकू येत असूनही परत परत काय म्हणालात विचारत होते.

सोमवारी सकाळी मला मेसेज आला, प्रणिताचा. या वेळी देवनागरीत, दहा ठिकाणी अडखळत टाइप केलेला असणार: काका, मुगाचे लाडू उद्या, उद्या सकाळी गेटवर. उद्या हा शब्द तिने दोनदा लिहिला होता. मी तो शर्मिष्ठाला दाखवला. ती म्हणाली, "माकडांना कळव."

सिद्धेश मुक्ताला एअरपोर्टवर सोडायला गेला. आम्ही हेमचंद्ररावांसोबत बसलो होतो. बाहेर समोरचं घर दिसत नव्हतं. साडेअकराला फोन वाजला. हेमचंद्ररावांनी तो स्पीकरवर ठेवला.

"बाबा, आम्ही इथेच बसलोय, चहा पितोय. ताईचं विमान अजून सुटलेलं नाही. संध्याकाळ होईल म्हणतात. धुक्यामुळे लेट आहे."

म्हाताऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. मग फोन तोंडाजवळ नेला.

"खरंच का रे?"

पलीकडे दोघांचाही श्वास ऐकू आला. मग मुक्ताचा आवाज.

"हो बाबा. या वेळी खरंच."